यकृताच्या दुखण्यात बुरशीचा हात

दारूने यकृत खराब होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात आतड्यातल्या बुरशीचाही हात असतो, हे मात्र उशिरा कळले. संशोधकांची नजर बराच काळ जिवाणूंवरच होती.

कॅन्डिडा ही बुरशी निरोगी माणसाच्या पोटातही थोडीफार असते. अमेरिकेत सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बर्न्ड श्नाबल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले, की दारूच्या आहारी गेलेल्यांच्या आतड्यात बुरशीची विविधता घटते आणि कॅन्डिडा माजते. आतड्याचे अस्तर झिरपू लागले, की बुरशीच्या पेशीभित्तिकेतले बीटा-ग्लुकान रक्तावाटे यकृतात पोचते. तिथल्या कुप्फर पेशी त्याला शत्रू समजून दाह पेटवतात. होरपळते ते यकृतच. उंदरांना अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक दिल्यावर, दारू चालू असूनही, ही इजा कमी झाली.

म्हणून कुणी औषधाच्या दुकानातून बुरशीवरच्या गोळ्या आणू नयेत. केटोकोनाझोलसारखी काही औषधे यकृतालाच बाधतात, आणि प्रयोग उंदरांवरचा आहे. माणसांत दिसले ते साधे आहे: दारू थांबवल्यावर दोन आठवड्यांतच कॅन्डिडा ओसरू लागली.