महामारीतील गोठा : समज आणि वस्तुस्थिती

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा दूध जीवनावश्यक वस्तूंमध्ये मोडत असल्याने त्याच्या वाहतुकीला मुभा होती, आणि त्यावरून दूध उत्पादकाचे काहीच बिघडले नाही असा समज शहरांत रूढ झाला. वस्तुस्थिती निराळी आहे. उपाहारगृहे, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकाने आणि लग्नसराई एकदमच थांबल्याने घराबाहेरचा खप आटला, शिल्लक दुधाची भुकटी करावी लागली, आणि भुकटीचा भाव कोसळताच गाईच्या दुधाचा खरेदीदरही खाली आला. राज्य शासनाने रोज १० लाख लिटर अतिरिक्त दूध लिटरला २५ रुपये दराने घेण्याची योजना आणली, तरी प्रश्न मिटला नाही. म्हणूनच राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने लिटरमागे ५ रुपये अनुदान थेट उत्पादकाच्या खात्यावर जमा करावे, या मागणीसाठी जुलै २०२० मध्ये दूधबंद आंदोलन केले.

कोंबडीमुळे कोरोना होतो या अफवेने टाळेबंदीपूर्वीच कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले होते. प्रयोगांत कोविड-१९ च्या विषाणूची लागण कोंबड्यांना झाली नाही. वासरांना हगवण लावणारा कोरोना विषाणूही त्याच कुळातला असला, तरी तो वेगळा आहे.

जनावर म्हणजे अडीनडीला मोडता येणारी ठेव, ही समजूत सर्वांत जुनी आणि एरवी बरीचशी खरी. परंतु टाळेबंदीत जनावरांचे आठवडी बाजारच बंद असल्याने विक्रीचा मार्ग खुंटला, आणि भाकड, म्हणजे दूध न देणाऱ्या, जनावरालाही वैरण व पेंड घालणे चुकले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कुटुंबांना त्या काळात जो आधार मिळाला तो नुसत्या जनावराचा नव्हे, तर संघटित व्यवस्थेचा होता. गावची दूध संस्था सकाळ-संध्याकाळ दूध घेते, फॅट (स्निग्धांश) व एसएनएफ (स्निग्धांश वगळता उरणारे घनपदार्थ) मोजून दर ठरवते, आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘गोकुळ’सारख्या संघामार्फत ते मुंबई-पुण्याच्या घरांपर्यंत जाते. म्हशीच्या दुधाचा वाटा येथे मोठा आणि त्याला पिशवीबंद दूध म्हणून घरोघरी मागणी, त्यामुळे मजुरी बुडालेल्या घरात दर दहा दिवसांचे दूध बिल हीच रोकड ठरली. या हिशेबात शेण-घाण, धारा, वैरण यांचे बायकांचे श्रम कुठेच धरले जात नाहीत, हा अन्याय महामारीतही तसाच राहिला.

किसान क्रेडिट कार्ड केवळ सातबारा असणाऱ्यालाच मिळते, हाही गैरसमजच. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ही सोय पशुपालनालाही लागू करण्यात आली, जून २०२० पासून दूध संघांच्या सभासदांसाठी खास मोहीम चालली, आणि भाड्याच्या गोठ्यात जनावरे बांधणारा भूमिहीनही त्यास पात्र आहे. ज्यांनी अद्याप अर्ज केलेला नाही त्यांनी पुढच्या संकटाची वाट न पाहता आपल्या दूध संस्थेत किंवा बँकेत चौकशी करावी.