मैदानाच्या कडेला बसलेली मुले

शाळांचे क्रीडामहोत्सव जवळ आले की मैदानावर ठरलेले चित्र दिसते. वीस-पंचवीस चपळ मुले सरावात घाम गाळीत असतात आणि बाकीचा वर्ग कडेला सावलीत बसून टाळ्या वाजवीत असतो. चषक मिळतो, छायाचित्र छापून येते, शाळेचे नाव होते. त्या कडेला बसलेल्या मुलांचे काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या मते शारीरिक शिक्षणाचे यशापयश याच मुलांवरून ठरविले पाहिजे.

असे म्हणण्यास सबळ कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत आपला क्रमांक पहिला! आनुवंशिकता, आहार, वाढते वय अशी याची कारणे अनेक असली, तरी श्रमाचा अभाव हे त्यांतील एक ठळक कारण होय. आणि बैठी सवय जडते ती शाळकरी वयातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या आकडेवारीनुसार जगातील ११ ते १७ वयाच्या शंभर विद्यार्थ्यांपैकी ८१ जणांना रोजची तासाभराची हालचालही घडत नव्हती. मुलींची स्थिती मुलांहून वाईट होती.

आपल्या वाडवडिलांना व्यायामाचा पाठ कोणी दिला नव्हता. रांपण ओढणारा, माडावर चढणारा पाडेली, विहिरीचे पाणी शेंदणारी गृहिणी यांना श्रम आपोआप घडत. आज पाणी नळाने येते, मुले बालरथातून शाळेत जातात. या सोयी हव्यातच. परंतु जे पूर्वी नकळत घडे, ते आता समजून-उमजून करावे लागणार आहे. म्हणून ते शिकविलेही पाहिजे.

शिकवायचे काय? वेग, चपळाई, तोल हे गुण स्पर्धा जिंकण्यास लागतात आणि ते काही अंशी उपजत असतात. आरोग्यासाठी लागणारी क्षमता वेगळी. तिची अंगे पाच. पहिले, हृदय व फुप्फुसांचा दमदारपणा. नियमित धावण्या-पोहण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते व विश्रांतीच्या वेळची नाडी मंदावते. मुलाने सकाळी मनगटावर बोटे ठेवून स्वतःची नाडी मोजावी आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजावी. पुस्तकातील धडा त्याला स्वतःच्या अंगात सापडेल. दुसरे स्नायूंची ताकद आणि तिसरे स्नायूंचा दमदारपणा. भरलेली घागर उचलणे ही ताकद. ती घेऊन घाटी चढणे हा दमदारपणा. चौथे अंग लवचिकतेचे. सूर्यनमस्कारांनी ती कशी वाढते, हे आपल्या घरांत नव्याने सांगायला नको. पाचवे, शरीरातील घटकांचे प्रमाण, म्हणजे मेद किती आणि स्नायू, हाडे वगैरे किती.

या पाचव्या अंगाबाबत शिक्षकांनी विशेष जपावे. उंची आणि वजन यांवरून काढलेला आकडा केवळ सूचक असतो. मेद कोणता आणि स्नायू कोणते, हे त्याला कळत नाही. वाढत्या वयात तर तो वय व लिंग पाहूनच वाचावा लागतो. भर वर्गात वजन पुकारून एखाद्या मुलीला खजील केले, तर ती मैदानाकडे पुन्हा फिरकणार नाही. ‘खेलो इंडिया’च्या शालेय चाचणीत ६०० मीटर धावणे वा चालणे, बसून पुढे वाकणे यांसारख्या साध्या कसोट्या आहेत. त्यांचे निकाल मूल, पालक आणि शिक्षक यांच्यातच राहावेत. तुलना व्हावी ती शेजाऱ्याशी नव्हे, मुलाच्या आपल्याच मागील निकालाशी.

पण यासाठी तास तर हवा! परीक्षा जवळ आली की पहिला बळी शारीरिक शिक्षणाच्या तासाचा जातो. तो गणिताला दिला जातो आणि पालकही समाधान मानतात. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दररोज सरासरी साठ मिनिटांची दमवणारी हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सांगते. शाळेचा तास हा त्याचा एक भाग झाला. उरलेले घराने भरून काढायचे आहे. मुलगी मोठी झाली म्हणून तिचे खेळणे थांबविणाऱ्या घरांनी तर हे अधिकच ध्यानी घ्यावे.

मुख्याध्यापकांना आमचे सांगणे एवढेच, की हा तास दुसऱ्या विषयाला देऊ नका. सावलीत बसलेला मुलगा वर्षअखेरीस न थांबता ६०० मीटर धावला, तर त्याला चषक मिळणार नाही. परंतु शाळेने त्याला दिलेली ही शिदोरी चाळिशीतही त्याच्या कामी येईल.