डॉक्टरांच्या हातावरचे गोंदण

२००७ साली इंग्लंडच्या आरोग्य खात्याने सरकारी इस्पितळांसाठी असा दंडक घातला की, रुग्णाला हात लावणाऱ्या डॉक्टरच्या वा परिचारिकेच्या कोपराखाली बाही, घड्याळ किंवा दागिना यांपैकी काही असू नये. एक साधी लग्नाची अंगठी तेवढी चालेल. बाह्यांच्या कडांना जंतू लागतात आणि मनगट नीट धुतले जात नाही, एवढाच त्यामागील विचार होता. परंतु वैद्यकीय प्रतिष्ठेचे चिन्ह मानला गेलेला लांब पांढरा कोट त्या फर्मानाने मागे पडला, आणि हातावरचे गोंदण झाकून ठेवण्याची जी सोय तरुण डॉक्टरांना आजवर होती, तीही संपुष्टात आली.

या विषयात आरोग्याचा प्रश्न आणि अब्रूचा प्रश्न वेगळे करून पाहावे लागतात, कारण पुष्कळदा अब्रूची हरकत आरोग्याच्या नावाने नोंदवली जाते. सुईने सोडलेले रंगकण त्वचेच्या खालच्या थरातील भक्षक पेशी गिळून टाकतात. त्यांना ते पचत नाहीत, पेशी मेली की सुटलेला रंग दुसरी पेशी गिळते, आणि अशा रीतीने ते चित्र जन्मभर जागच्या जागी राहते. जखम भरून आल्यावर वरची कातडी इतर कातडीसारखीच धुतली जाते. तेव्हा जुन्या गोंदणाने रुग्णाला अपाय होण्याचे कारण नाही. ताज्या गोंदणाची गोष्ट निराळी. खपली पडेपर्यंतचे दोन-तीन आठवडे ती जखमच असते, आणि तसा हात घेऊन शस्त्रक्रियेला उभे राहणे उभयपक्षी धोक्याचे. शिवाय अस्वच्छ सुईवाटे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे विषाणू शरीरात शिरू शकतात. म्हणूनच आपल्याकडे गोंदवून घेतलेल्या इसमाला बारा महिने रक्तदान करता येत नाही, मग तो स्वतः रक्तपेढीतला डॉक्टर का असेना.

राहिली अब्रू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका इस्पितळाच्या तातडीच्या विभागात डॉक्टरांनी काही पाळ्यांना पुसून टाकता येणारी खोटी गोंदणे लावून काम केले, काही पाळ्यांना कोऱ्या हातांनी, आणि नऊशेहून अधिक रुग्णांना डॉक्टर कसे वाटले हे विचारण्यात आले; २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, डॉक्टरची हुशारी, आस्था आणि विश्वासार्हता यांविषयीच्या मतांत गोंदणाने फरक पडला नाही. पोटात कळ उठलेल्या माणसाला डॉक्टरच्या मनगटावर फुलपाखरू आहे की विंचू, हे पाहण्याची फुरसत कोठून असणार! वर्षानुवर्षे एकाच डॉक्टरकडे जाणारे घर इतके उदार असेलच, असे मात्र या एका प्रयोगावरून म्हणता येत नाही.

आपल्याकडे ही हरकत रुग्णापेक्षा राउंडवर निघालेल्या मोठ्या सरांकडून, किंवा त्याआधीच घरून येते. इंटर्नला ज्या खाटेपाशी एप्रनची बाही खाली ओढायला सांगतात, त्याच खाटेवरील आजींच्या कपाळावर टिकली, हनुवटीवर ठिपका आणि दंडावर तुळस गोंदलेली असते, आणि सलाईनसाठी शीर शोधणारी परिचारिका ती हिरवी नक्षी बोटाने चाचपत पुढे जाते. आजींची ती रीत आणि इंटर्नचे ते थेर, हा न्याय मला पटत नाही. हातावर कोणाची अवहेलना करणारे वा अश्लील चित्र असेल, तर मात्र सरांची बाजू मी घेईन.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांनी, पुढे लष्करी अधिकारी व्हायचे असल्यामुळे, सैन्यभरतीचा जाबता आधी वाचावा. कायमचे गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस, अथवा पंजाच्या मागच्या बाजूस असेल तरच ग्राह्य, अन्यत्र नाही. म्हणजे नागरी इस्पितळात जे लपवावे लागते तेच येथे चालते, आणि जे कपड्यांखाली सहज लपते ते चालत नाही. परंपरेने चेहऱ्यावर वा अंगावर गोंदवून घेणाऱ्या आदिवासी जमातींच्या उमेदवारांना प्रत्येक प्रकरण तपासून सवलत मिळू शकते. शहरातल्या मुलाला मात्र खांद्यावरच्या एका चित्रापायी, गुण कितीही असले तरी, माघारी परतावे लागते.