चेटकीण कुठे असते?

रात्रीची जेवणे झाली, की पोरे आजीभोवती गोळा होतात. "आजी, चेटकिणीची गोष्ट सांग ना!" आजी सांगू लागते. चेटकिणीचे केस पिंजारलेले. दात पुढे आलेले. ती पोरांना झोळीत घालून नेते. मग एखादे हुशार पोर तिला फसवते आणि सारी सुखरूप घरी येतात. पोरे आधी भितात, मग हसतात, आणि हसता हसता झोपी जातात.

या चेटकिणीने कुणाचे काही वाईट केलेले नाही. रत्नाकर मतकरी यांनी मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' हे नाटक लिहिले. त्यात एक चेटकीण आहे. तिचे काम आधी दिलीप प्रभावळकर यांनी केले. २०१८ साली नाटक पुन्हा आले, तेव्हा वैभव मांगले यांनी केले. दोघेही पुरुष बरे का! तोंडाला रंग लावला, केसांचा टोप घातला, की झाली चेटकीण. रंग धुतला, की गेली. तुम्हीही पोरांना घेऊन पुठ्ठ्याचा मुखवटा करा. काथ्याचे केस चिकटवा. पोरांची करमणूक होईल आणि भीतीही जाईल.

कुणी म्हणेल, "ते नाटकातले झाले. पण आम्ही रानात खरोखर पाहिले, त्याचे काय?"

काय पाहिले, ते नीट विचारू या. रात्री पडक्या वाड्यातून किंचाळी ऐकू आली? गव्हाणी घुबड तसेच ओरडते. त्याचे तोंड पांढरे असते, म्हणून अंधारात माणसाचे वाटते. ते बिचारे उंदीर खाते. म्हणजे ते शेतकऱ्याचे मित्रच. चिंचेवर काहीतरी फडफडले? वटवाघळे असतील. पावसाळ्यात रानात उजेड दिसला? भीमाशंकरच्या रानात ओल्या, कुजक्या लाकडावर एक बुरशी उगवते. ती अंधारात हिरवट चमकते. जवळ जाऊन पाहिले, तर हाती लाकूडच लागते.

आणि हडळ? बाळंतपणात बाई गेली, की तिची हडळ होते, असे जुने लोक म्हणत. पूर्वी गावात डॉक्टर नव्हता, नर्स नव्हती. कितीतरी बाया बाळंतपणात जात. त्या का गेल्या, हे कुणाला कळत नसे. ज्या बाईची कीव यावी, तिचेच लोकांना भय वाटू लागले.

इथेच खरा धोका आहे. चेटकीण गोष्टीत आहे तोवर गंमत आहे. तेच नाव जित्या बाईला चिकटले, की तिचा जीव जातो. सातपुड्याच्या भागात अशा बाईला 'डाकीण' म्हणतात. ते असे घडते. घरात पोर तापाने फणफणते. माणसे भगताकडे जातात. भगत तांदळाचे दाणे मांडतो, पुटपुटतो आणि एका बाईकडे बोट दाखवतो. ती बाई बहुधा विधवा असते, एकटी असते. कधी तिच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा असतो. मग तिला मारतात, गावाबाहेर काढतात. अशा किती बायांचे खूनही झाले आहेत.

आणि पोराचा ताप? तो हिवताप असेल, तर डासाने आणलेला असतो. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात सापडले ते १८९७ साली. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत ते शोधून काढले. म्हशीचे दूध अचानक आटले? कासेला दगडी झाली असेल. तिला गुरांचा डॉक्टर पाहिजे. शेजारणीला मारून पोराचा ताप उतरत नाही आणि म्हैसही पान्हवत नाही.

महाराष्ट्रात आता याला कायदा आहे. तो व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुणी करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते, असे म्हणून तिला छळणे हा गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रे चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणे, हाही गुन्हाच. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड.

पण कायदा कागदावर असतो. तो गावात आणायचा तो आपणच. कुणी एखाद्या बाईला 'डाकीण' म्हणाले, तर तिथेच त्याचे तोंड धरा. "तू पाहिलेस का?" असे विचारा. तिला एकटी सोडू नका. मारहाण होईल असे दिसले, तर ११२ नंबर फिरवा. पोलीस ठाण्यात तक्रार द्या. आता तुम्हाला लिहिता येते. तक्रार आपल्या हाताने लिहा आणि खाली आपली सही करा.

रात्री पोरांना चेटकिणीची गोष्ट जरूर सांगा. आणि गोष्ट संपली, की एवढे म्हणा, "पोरांनो, चेटकीण गोष्टीतच असते. आपल्या गावात फक्त माणसे राहतात."