4.3 प्रकल्प-अहवालातील शीर्षकांची शैली ठरविणे

अहवाल टंकलिखित करताना प्रकरणाचे नाव निवडून त्याची अक्षरे मोठी व ठळक करण्याची सवय अनेकांना असते. दिसायला ते शीर्षक असते. संगणकाच्या लेखी मात्र तो मोठ्या अक्षरांतील एक परिच्छेदच असतो. त्यामुळे अनुक्रमणिका आपोआप तयार होत नाही आणि एखादा बदल करायचा तर प्रत्येक शीर्षकापाशी पुन्हा जावे लागते. म्हणून शीर्षकाचे रूप शैलीमध्ये एकदाच ठरविणे इष्ट. लिब्रेऑफिस रायटर या विनामूल्य प्रणालीच्या आधारे ही रीत समजून घेऊ.

शैली लावणे : शीर्षकाच्या ओळीत कर्सर ठेवून कंट्रोल व 1 या कळा एकत्र दाबा. 'हेडिंग 1' ही शैली लागू होते. प्रकरणासाठी 1, मुद्द्यासाठी 2 व उपमुद्द्यासाठी 3 हा क्रम पाळावा. आधी हाताने दिलेले रूप शैलीवर मात करते. ते 'फॉरमॅट' मेनूतील 'क्लिअर डायरेक्ट फॉरमॅटिंग' या पर्यायाने काढून टाका.

शैली बदलणे : एफ 11 ही कळ दाबली की शैलींची यादी दिसते. 'हेडिंग 1' वर माउसचे उजवे बटण दाबून शैली संपादित करण्याचा पर्याय निवडा. 'फॉन्ट' विभागात रोमन व देवनागरी लिपींसाठी स्वतंत्र नोंदी असतात. देवनागरीची नोंद 'कॉम्प्लेक्स' किंवा 'सीटीएल' या नावाखाली असते. केवळ रोमन नोंद बदलल्यास मराठी शीर्षक आहे तसेच राहते. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

रूप निवडताना : देवनागरीत मोठी व लहान लिपी असा भेद नाही. त्यामुळे शीर्षकांची पातळी आकार, ठळकपणा व मोकळी जागा यांवरूनच कळायला हवी. उदाहरणार्थ, मजकूर 12 पॉइंटचा असल्यास शीर्षके अनुक्रमे 18, 15 व 13 पॉइंटची ठेवता येतील. अधोरेखन टाळावे, ती रेघ उकारांच्या खुणांना छेदते. शीर्षक खालच्या मजकुराचे असते, म्हणून त्याच्या वर अधिक व खाली कमी जागा सोडावी.

एवढे झाल्यावर 'इन्सर्ट' मेनूतून अनुक्रमणिका घाला. पृष्ठे बदलल्यास ती अद्ययावत करण्यास विसरू नका.

तुमची प्रगती तपासा : शैली बदलूनही एखादे मराठी शीर्षक बदलले नाही, तर त्याची कोणती दोन कारणे संभवतात?