एका बोटानं दाखवा

"कुठं दुखतंय, मावशी?"

"कंबर लई दुखती, मॅडम."

"हात लावून दाखवा बरं."

मावशी उभ्या राहतात. त्यांचा तळहात पाठीच्या खालच्या मणक्यापासून निघतो, कुल्ल्यावरून बाजूला येतो, जांघेशी क्षणभर थांबतो आणि मांडीवरून थेट गुडघ्यापर्यंत उतरतो. या सगळ्या मुलखाला त्यांच्या तोंडी एकच नाव आहे, कंबर.

"आता एकाच बोटानं दाखवा. जिथं सगळ्यात जास्त आहे तिथं बोट ठेवायचं आणि उचलायचं नाही."

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका छोट्या दवाखान्याच्या फिजिओथेरपीच्या खोलीत मी मे महिन्यात आठवडाभर बसून होते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तोवर गावी परतलेली असतात. दिवाळीच्या आगेमागे निघून उन्हाळा लागेपर्यंत फडात राबायचं, ऊस तोडायचा, सोलायचा, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. एक दिवस खाडा झाला तर त्याचे पैसे कापले जातात. त्यामुळे सहा महिने अंगावर काढलेलं दुखणं याच दिवसांत या खोलीच्या दारात येतं.

मला इथं माझ्या स्वतःच्या दुखण्यानं आणलं. दोन वर्षं मी पुण्यात कंबरदुखीचे उपचार घेत होते. मणक्याचे फोटो काढून झाले, पट्टा बांधून झाला, गादी बदलून झाली. दुखत होतं ते खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, आणि रात्री त्या कुशीवर वळलं की ठणकून जाग यायची. बोट ठेवून दाखवा, असं मला कुणी म्हटलं नाही आणि मलाही ते सुचलं नाही. मीही कंबरच म्हणत राहिले. जिनं अखेर ते विचारलं, तिची वर्गमैत्रीण म्हणजे या मॅडम.

मावशींचं बोट अखेर मांडीच्या वरच्या टोकाला, बाहेरून हाताला लागतं त्या हाडावर स्थिरावतं. माझंही तिथंच होतं. मॅडम त्यांना भिंतीला हात टेकवून एका पायावर उभं करतात आणि घड्याळ बघतात. पंधरा सेकंदांत मावशींचा चेहरा आवळतो आणि अधांतरी असलेल्या पायाच्या बाजूचं कटीचं हाड हळूहळू खाली कलतं. हे कलणं फ्रिड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यचिकित्सकानं १८९५ साली नोंदवलं. आजही जगभर ते त्याच्याच नावानं ओळखलं जातं. कुल्ल्याचे स्नायू ज्या कंडरांनी त्या हाडाला बांधलेले असतात त्या कंडरा दुखावल्या, की चालताना कटी सावरून धरण्याचं त्यांचं काम नीट होत नाही. चाळिशीनंतरच्या बायकांत हे दुखणं पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. पूर्वी याला हाडावरच्या पिशवीची सूज म्हणत आणि थेट इंजेक्शन देत. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या २०४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ आठवड्यांनी बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण नीट समजावून व्यायाम शिकवलेल्यांमध्ये सुमारे ७७ टक्के होतं, तर स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये ५८ टक्के.

"मावशी, नळावर उभ्या असता तेव्हा अशा एका पायावर भार टाकून उभ्या राहता का?" मॅडम स्वतः कंबर एका बाजूला काढून दाखवतात. "आणि नातवंडाला कायम याच कडेवर घेता?"

मावशी बघतच राहतात. एका बाजूला कंबर काढून त्या कडेवर मूल घ्यायचं, मग घागर घ्यायची. आपल्या बायकांचं उभं राहणंच तसं घडलेलं असतं. मॅडमचा उपाय साधा आहे. रात्री दोन गुडघ्यांच्या मध्ये गोधडीची घडी ठेवून झोपायचं, दुखऱ्या कुशीवर झोपायचं नाही, मांडीवर मांडी टाकून बसायचं नाही, आणि रोज शिकवलेले तीन व्यायाम करायचे. ताणून मोकळं करायला जायचं नाही. त्यानं कंडरा हाडावर आणखी दाबली जाते. मी ते वर्षभर ताणतच होते.

दुपारपर्यंत माझ्या लक्षात येतं, की मॅडम बोटाइतकंच शब्दांकडेही लक्ष देतात. दुखण्यासाठी या बायकांपाशी शब्दांची केवढी श्रीमंती आहे. 'चमक निघते आणि पोटरीतून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते' असं कुणी म्हटलं, की त्या मणक्यातल्या शिरेकडे वळतात. 'दिवस मावळला की खाली जड पडतं, ओढ लागते, सकाळी बरं असतं' म्हटलं, की आवाज खाली आणून अंग बाहेर येतं का, ते विचारतात. कळ, ठणका, आग, भरून येणं, अवघडणं. यातलं काहीही कागदावर 'कंबरदुखी' म्हणून उतरलं, की सगळं सपाट होऊन जातं. मॅडमच्या वहीत म्हणून बाईचा शब्द जसाच्या तसा लिहिलेला असतो.

एक बाई दुखरी जागा दाखवताना अंगठा आणि बोटं पसरून खुबा पुढून-मागून पकडते. हात असा गेला, की दुखणं खुब्याच्या सांध्याच्या आतलं असण्याची शक्यता वाढते. जागा जांघेत. तिची तक्रार वेगळीच आहे, जोडवी निसटली होती आणि ती परत घालायला पाय वर घेता येत नव्हता. शेवटी लेकीनं घातली. मॅडम तिला उताणं निजवून गुडघा आणि खुबा वाकवतात आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेतात, म्हणजे मांडीचं हाड सांध्यात आत वळतं. उजवा पाय सहज जातो, डावा दाराला खीळ घातल्यासारखा अडतो. खुब्याची झीज असली तर बहुधा हेच वळण आधी हरवतं. हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटला तरी असंच दुखू शकतं, आणि दमा-सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतलेल्यांना तो धोका अधिक असतो. हिच्या पिशवीत मणक्याचे तीन एक्स-रे आहेत. खुब्याचा एकही नाही. मॅडम चिठ्ठी लिहितात.

पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन आलेल्या मुलीचं बोट मागं, माकडहाडाच्या वर कुल्ल्यावर खळी पडते तिथं जातं. कटी आणि माकडहाडावरचं त्रिकोणी हाड जोडणारा सांधा तो. गरोदरपणात साधारण पाचातल्या एकीला कटीच्या सांध्यांचं हे दुखणं होतं आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर थांबतं, काहींचं रेंगाळतं. "गुडघा न वाकवता पाय वीतभर उचल." तिला उचलवत नाही, पाय ओंडक्यासारखा झालाय म्हणते. मग मॅडम दोन्ही तळव्यांनी तिची कटी दोन्ही बाजूंनी आत दाबून धरतात आणि म्हणतात, आता उचल. पाय वर जातो. ती मान उचलून स्वतःच्या पायाकडे बघते. "हलका झाला की!" बाहेरून दिलेला तो आधार आतल्या स्नायूंनी द्यायला शिकायचं, एवढं तिला समजतं, आणि कुणी काही न सांगता ती पुन्हा एकदा पाय उचलून बघते.

चौथ्या दिवशी जी आली तिनं बोट ठेवलंच नाही.

पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. सासू सोबत होती आणि उत्तरं सासूच देत होती. मॅडमनी सासूबाईंना चहा घ्यायला बाहेर पाठवलं, पडदा ओढला, मला खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं. तिनं हो म्हटलं म्हणून मी खोलीत राहिले. मग बराच वेळ काहीच बोलणं झालं नाही. मॅडम घाई करत नाहीत. त्यांनी विचारलं, पाळीत जास्त होतं का? होतं. पाळीच्या आधी दोन दिवस सुरू होऊन मांड्यांत उतरतं, उलट्या होतात. पाळीत शौचाला बसताना कळ येते का? येते. अंगावरून पांढरं जातं का, ताप येतो का? नाही. नवऱ्याजवळ गेल्यावर दुखतं का? याचं उत्तर आलं नाही, रडणं आलं.

सोनोग्राफी झाली होती आणि तिच्यात काही निघालं नव्हतं. त्यामुळे घरी ठरलं होतं, की हिला काही झालेलं नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजण्याच्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं प्रजननवयातल्या साधारण १० टक्के बायकांना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना तो असतो, आणि नेहमीची सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. ओटीपोटात सुरू झालेलं हे दुखणं कंबर, खुबा, मांडी असं फिरतं. मॅडमनी आजाराचं नाव घेतलं नाही. ते ठरवणं त्यांचं काम नाही, असं त्या म्हणाल्या. पण स्त्रीरोगतज्ज्ञांना चिठ्ठीत एकेक उत्तर लिहिलं, आणि सासूला आत बोलावून स्पष्ट सांगितलं, "हे नाटक नाही, आजी. हिला खरंच दुखतंय."

तिला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडण्याचा श्वासही त्यांनी शिकवला. लघवी धरणारे, गर्भाशय-आतड्यांना खालून झोळीसारखं पेलणारे हे स्नायू, सततच्या दुखण्यानं आखडून बसतात आणि मग स्वतःच दुखायला लागतात. फडात आडोसा नसतो. बायका पाणीच कमी पितात, लघवी तासन्‌तास दाबून ठेवतात. "यांना आवळायला कुणी शिकवावं लागत नाही," मॅडम म्हणाल्या, "सोडायला शिकवावं लागतं."

आणि मग त्या बायका, ज्यांनी पिशवी काढली. गर्भाशयाला इथं पिशवीच म्हणतात. अडतीस वर्षांची एक बाई सांगत होती, एकोणतिसाव्या वर्षी काढली, कंबर दुखत होती आणि अंगावरून जात होतं म्हणून. पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, असं सांगितलं होतं. पैसे उचलीतून फिटले. कंबर? "ती हाय तशीच हाय." बोट ठेवायला सांगितलं तेव्हा ते गेलं खळीपाशी, त्याच सांध्यावर. २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हे आकडे मी वर्तमानपत्रात वाचले होते. त्या बाईचं बोट त्या जागी टेकलेलं बघताना ते मला पहिल्यांदा कळले. एवढ्या तरुण वयात अंडाशयही गेलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि खुब्याच्या हाडाला पुढं मोडण्याचा धोका वाढतो. तिचं अंडाशय ठेवलंय की नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कागदही नव्हता. मॅडमनी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: कागद मागवणे.

भिंतीवर एक पिवळा कागद चिकटवलेला आहे. त्यावर लाल शाईत, ज्यांना वाट बघायला लावायची नाही अशांची नोंद: पाळी चुकलेली आणि ओटीपोटात अचानक मोठी कळ, पडल्यावर पायावर भार देता न येणं, दुखण्यासोबत ताप किंवा वजन उतरणं, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणं, लघवीचा ताबा सुटणं. या बायकांना फिजिओथेरपी न देता त्या लगेच डॉक्टरांकडे पाठवतात. माझ्या आठवड्यात अशा दोघी आल्या. एकीला मॅडम स्वतः रिक्षात घालून घेऊन गेल्या.

शनिवारी शेवटच्या आजी आल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. बाहेरच्या बाकावर दोन तास बसल्या होत्या त्या. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजींनी नऊवारीच्या निऱ्या बाजूला सारून जांघेवर बोट रोवलं.

"हितं. भाईर सांगितलं बायांनी, एकच बोट ठिवायचं म्हनून. लई येळ धरलंय मी, सुटू दिलं न्हाई."