तट्टू तेच, फीत वेगळी!

अशी कल्पना करा की एक छायाचित्र तुमच्या हाती आले आहे. चित्रात एक पांढरेशुभ्र, देखणे तट्टू आहे. त्याच्या पाठीवर तुमच्याच वयाची एक मुलगी ऐटीत बसली आहे आणि तट्टाच्या लगामाला लाल रंगाची फीत बांधलेली आहे. आता सांगा पाहू, या तट्टाचा स्पर्धेत कितवा क्रमांक आला?

तुम्ही म्हणाल, "फितीच्या रंगावरून ते कसे कळणार?" कळते, पण चित्र कोणत्या देशातले ते आधी माहीत हवे. ब्रिटनमध्ये लाल फीत पहिल्या क्रमांकाला देतात आणि निळी दुसऱ्या क्रमांकाला. अमेरिकेत नेमके उलटे! तिथे निळी फीत पहिली, लाल दुसरी. म्हणजे ब्रिटनमधले चित्र असेल तर मुलगी जिंकली आणि अमेरिकेतले असेल तर थोडक्यात हुकली.

भौतिकशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना नेहमी बजावतो की एकक लिहिल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. 'उत्तर ५' असे कोणी लिहिले की मी विचारतो, "पाच काय? आंबे की अँपिअर?" फितीच्या रंगाचेही तसेच आहे. तट्टांची पैदास आणि त्यांच्या सौंदर्यस्पर्धा यांच्या देशोदेशीच्या चालीरीती पाहू लागलो की एककांचा, मापनाचा आणि आनुवंशिकतेचा असा धडा पदोपदी भेटतो. तोच आज आपण वाचणार आहोत.

हात म्हणजे किती?

आपण मराठीत 'तट्टू' हा शब्द थोडा हिणवण्यासाठीच वापरतो. 'भाड्याचे तट्टू' म्हटलेले कोणाला आवडेल? पण घोड्यांच्या जगात तट्टू म्हणजे ठरावीक उंचीपर्यंतचा घोडा, आणि ती उंची मोजतात 'हात' या एककात. हा हात मात्र आपला नव्हे. आपला हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत असतो. इंग्रजांचा हात म्हणजे तळहाताची रुंदी. सोळाव्या शतकात आठवा हेन्री राजा असताना तो ४ इंच ठरवला गेला. ४ इंच म्हणजे १०.१६ सेंटिमीटर.

तट्टाची कमाल उंची बहुतेक ठिकाणी १४.२ हात मानतात. आता येथे फसू नका! १४.२ म्हणजे चौदा पूर्णांक दोन दशांश नव्हे. ते आहेत १४ हात आणि २ इंच. हाताचे चारच इंच असल्यामुळे १४.३ नंतर येतो तो १५. १४.४ असा आकडाच नाही. तेव्हा १४.२ हात = (१४ × ४) + २ = ५८ इंच = १४७.३२ सेंटिमीटर. नियमांत हा आकडा वर नेऊन १४८ सेंटिमीटर धरतात.

ही उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. घोडा डोके वरखाली करतो, त्यामुळे ते माप भरवशाचे नाही. मान जेथे पाठीला मिळते तेथे खांद्यांमध्ये हाडाचा एक उंचवटा असतो. सपाट जमिनीवर घोडा उभा करून या उंचवट्यापर्यंतची उंची घेतात. मापाच्या काठीला एक आडवा दांडा असतो आणि तो खरोखरच आडवा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यावर गवंड्याकडे असते तशी पाणसळ बसवलेली असते. एवढे करूनही खूर वाढलेले आहेत की नुकतेच कापले आहेत, पायाला नाल आहेत की नाहीत, घोडा बुजून ताठ उभा आहे की सैल, यावर माप थोडेफार बदलते. म्हणूनच ब्रिटनमध्ये तट्टू ७ वर्षांचे, म्हणजे वाढ पूर्ण झालेले असेल तरच त्याला उंचीचा कायमचा दाखला मिळतो.

अमेरिकेत १९७८ साली स्थापन झालेली खुज्या घोड्यांची एक संस्था आहे. तिने वेगळाच नियम केला. ३४ इंच ही कमाल उंची, पण ती मोजायची आयाळीच्या शेवटच्या केसापाशी! ही जागा सहसा त्या उंचवट्यापेक्षा खाली असते. अर्थात तोच घोडा या पद्धतीने बुटका ठरतो. माप सांगताना ते कोठून घेतले हेही सांगावे लागते ते असे.

समुद्र ओलांडला आणि वर्ग बदलला

वेल्स हा ब्रिटनचा डोंगराळ पश्चिम भाग. तेथील तट्टांची संस्था १९०१ साली स्थापन झाली आणि तिची वंशावळीची पहिली वही १९०२ साली निघाली. या तट्टांचे उंचीप्रमाणे व ठेवणीप्रमाणे अ, ब, क, ड असे चार विभाग आहेत. 'अ' विभाग म्हणजे मूळ पहाडी तट्टू. १८९४ साली जन्मलेल्या डायल स्टारलाइट या करड्या घोड्याचा वंश या विभागात दूरवर पसरला. त्याचा पुत्र ग्रेलाइट १९११ साली ऑस्ट्रेलियात नेला गेला आणि तेथील तट्टांच्या घडणीत त्याचा मोठा वाटा आहे.

आता गंमत पाहा. ब्रिटनमध्ये 'अ' विभागाची कमाल उंची १२ हात आहे, तर अमेरिकेत ती १२.२ हात आहे. समजा एक घोडी १२.१ हात भरली. वेल्समधल्या रिंगणात 'अ' विभागात तिला उभे राहता येणार नाही. तीच घोडी जहाजात बसून अमेरिकेला गेली की 'अ' विभागात ताठ मानेने उभी राहील. 'ब' विभागात तर फरक आणखी मोठा आहे. ब्रिटनमध्ये मर्यादा १३.२ आणि अमेरिकेत १४.२ हात! घोडी बदलली का? मुळीच नाही. बदलली ती माणसाने आखलेली रेघ. निसर्गात उंची सलग असते. तिचे कप्पे आपण पाडतो.

गुण पाहण्याच्या रीतीही वेगळ्या आहेत. ब्रिटनमध्ये मुले तट्टांवर बसून रिंगणात फेऱ्या मारतात आणि परीक्षक ठेवण, चाल व शिस्त पाहून क्रम लावतो. अमेरिकेत तट्टांना अडथळ्यांवरून उड्या मारायला लावणारे वर्ग फार लोकप्रिय आहेत. जर्मनीत पैदाशीसाठी ठेवायच्या नर तट्टाला आधी तज्ज्ञांच्या मंडळापुढे उभे राहावे लागते. तेथे डोके, पाय, चाल अशा प्रत्येक बाबीला ० ते १० असे गुण देतात आणि पुढे त्याच्या कामाचीही चाचणी होते. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेसारखेच म्हणा ना!

एका बेटाची दोन रूपे

स्कॉटलंडच्या उत्तरेला ६० अंश अक्षांशावर शेटलंड बेटे आहेत. थंडी, वारा आणि तुटपुंजे गवत यांत शतकानुशतके राहिलेले तेथील तट्टू सुमारे एक मीटर उंचीचे, पण जबरदस्त ताकदीचे असते. ही ताकद कोठून आली? थोडे गणित करू.

१०० सें.मी. उंचीचे तट्टू आणि १६० सें.मी. उंचीचा त्याच ठेवणीचा घोडा घ्या. उंचीचे गुणोत्तर १.६. वजन घनफळावर, म्हणजे उंचीच्या घनावर अवलंबून असते. १.६ × १.६ × १.६ = सुमारे ४.१. स्नायूंची ताकद मात्र त्यांच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे वर्गावर अवलंबून असते. १.६ × १.६ = २.५६. म्हणजे मोठा घोडा चौपट जड, पण ताकदीने अडीचपटच! वजनाच्या मानाने पाहिले तर लहान तट्टू १.६ पट बलवान ठरते. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९२६ साली प्राण्यांच्या आकारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात हाच विचार आहे. हेच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले.

पण या नियमाची दुसरी बाजूही आहे. उष्णता बाहेर पडते ती कातडीतून, म्हणजे क्षेत्रफळातून. त्यामुळे दर किलो वजनामागे तट्टाची उष्णताही १.६ पट वेगाने जाणार. म्हणून तर या तट्टाचे पाय आखूड, कान लहान, अंग पिंपासारखे गोल आणि हिवाळ्यात केसांचा दुपदरी जाड थर असतो.

१८४२ साली ब्रिटनमध्ये स्त्रियांना आणि १० वर्षांखालील मुलांना कोळशाच्या खाणीत उतरवण्यास कायद्याने बंदी झाली. मग अरुंद बोगद्यांतून गाडे ओढायला तट्टांची मागणी वाढली. १८७० च्या सुमारास लॉर्ड लंडनडेरी यांनी ब्रेसे आणि नॉस या बेटांवर खास खाणींसाठी बुटक्या व दणकट तट्टांची पैदास सुरू केली. या पैदाशीची छाप शेटलंड तट्टावर आजही आहे. ब्रिटनमधील संस्थेने त्याची कमाल उंची ४२ इंच ठेवली आहे.

अमेरिकेत गेलेल्या त्याच्या भावंडांपुढे खाण नव्हती, रिंगण होते. अमेरिकेतील शेटलंड संस्था १८८८ ची, म्हणजे ब्रिटनमधील संस्थेपेक्षा दोन वर्षांनी मोठी! तेथे या तट्टांचा हॅकनी जातीशी संकर केला गेला. मर्यादा ४६ इंच झाली, पाय लांब झाले, मान उंचावली. आज दोघांना शेजारी उभे केले तर नाव एक असल्यावर विश्वास बसणार नाही. निवडीचा हेतू बदलला की काही पिढ्यांत प्राणी बदलतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

सजावटीची किंमत

अमेरिकेतील काही वर्गांत दुडक्या चालीत पाय जितका उंच, तितकी वाहवा. त्यासाठी खूर लांब वाढवतात आणि जड नाल ठोकतात. पायाच्या टोकाला वजन आले की झोल्याचे जडत्व वाढते. एकदा उचललेला पाय आपल्याच वेगाने आणखी वर जातो. पण तेच वजन दर पावलाला थांबवावेही लागते, आणि तो ताण सांधे व शिरा यांवर पडतो. घोट्याला वाळूची छोटी पिशवी बांधून चालून पाहा, म्हणजे कळेल.

शेपटीचे हाड तोडून ती आखूड करण्याची चाल ब्रिटनमध्ये १९४९ च्या कायद्याने बंद झाली. माश्या हाकलायचे घोड्याचे साधनच ती हिरावून घेत होती. तोंडाभोवतीच्या लांब मिशा 'नीटनेटकेपणा'साठी कापण्याची चालही अशीच. घोड्याला आपल्या नाकासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही, तेथे या मिशा त्याची बोटे असतात. जर्मनीत त्या कापण्यास मनाई आहे, आणि आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून मिशा कापलेल्या घोड्यांना आपल्या स्पर्धांत बंदी केली.

डोळ्यांना न दिसणारा दोष

या साऱ्या गोष्टी निदान दिसतात. खरा धोका आहे तो न दिसणाऱ्या गोष्टीत.

उत्तर इंग्लंडच्या डोंगरांत फेल नावाची सुंदर, बहुधा काळी तट्टे असतात. त्यांची काही शिंगरे जन्मतः धडधाकट दिसत, पण काही आठवड्यांतच अशक्त होत आणि तीन महिन्यांच्या आत दगावत. त्यांच्या शरीरात रोगप्रतिकाराची शक्तीच तयार होत नसे. हा दोष अप्रभावी जनुकाचा आहे. आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आला तरच शिंगरू आजारी पडते. एकाकडूनच आला तर ते निरोगी राहते, पण दोष पुढे नेते. त्याला वाहक म्हणतात.

वाहक तट्टू रिंगणात उभे राहिले तर जगातला कोणताही परीक्षक त्याला ओळखू शकत नाही. ते दिसायला उत्तमच असते. समजा असा एक वाहक नर पहिला आला. साहजिकच सर्वांना त्याचीच शिंगरे हवीत. निर्दोष घोड्यांपासून त्याला झालेल्या शिंगरांपैकी सरासरी निम्मी वाहक होतील. पुढच्या पिढीत ही सावत्र भावंडे एकमेकांशी जुळवली तर आजारी शिंगराची शक्यता १/२ × १/२ × १/४ = १/१६. सोळा शिंगरांमागे एक मृत्यू, आणि त्याचे मूळ आजोबांच्या लाल फितीत!

२०१० साली या जनुकाची चाचणी उपलब्ध झाली. मग सर्व वाहकांना पैदाशीतून काढून टाकावे का? तुम्हाला तसे वाटेल, पण ते शहाणपणाचे नाही. जात लहान असेल तर वाहकांबरोबर त्यांचे इतर चांगले जनुकही नष्ट होतात आणि उरलेली तट्टे एकमेकांची जवळची नातलग बनतात. त्याऐवजी वाहकाची जोडी निर्दोष तट्टाशीच लावायची. मग एकही शिंगरू आजारी होणार नाही. रक्ताच्या चाचणीपेक्षाही येथे उपयोगी पडते ते तुमचे शाळेतले मेंडेलचे गणित.

आणि आपल्याकडे?

ब्रिटनच्या देखण्या तट्टांचा आपल्याशी एक धागा आहे. पोलो हा खेळ इंग्रजांनी मणिपुरी तट्टांवर बसलेल्या खेळाडूंकडून उचलला. १८५९ साली सिलचर येथे पोलोचा क्लब निघाला. पुढे १८९३ साली पोलोची तट्टे पैदा करण्यासाठी ब्रिटनमध्ये जी संस्था निघाली, तीच आज तेथील राष्ट्रीय तट्टू संस्था आहे.

महाराष्ट्रातही भीमेच्या काठची भीमथडी तट्टे मराठ्यांच्या घोडदळाचा कणा होती. आता त्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक रंग, कान, रेवाल चाल आणि अंगावरचे भोवरेही पाहते. गळ्यावरचा 'देवमण' भोवरा शुभ मानतात, तर दुसऱ्या एखाद्या जागचा भोवरा अशुभ. भोवरा म्हणजे केस कोणत्या दिशेने उगवले एवढेच. त्याचा घोड्याच्या प्रकृतीशी वा मालकाच्या नशिबाशी संबंध नाही. पण हसण्याआधी ते उंच पाय आणि कापलेल्या मिशा आठवा. प्रत्येक देशाने आपापला 'भोवरा' जपला आहे.

माथेरानला मोटारी नाहीत, घोडे आहेत. पुढच्या सहलीत तिथे गेलात तर घोडेवाल्या काकांची परवानगी घेऊन एखाद्या घोड्याची उंची मोजा. पाठीमागून जाऊ नका आणि काका लगाम धरून उभे असतील तेव्हाच जवळ जा. पाच जणांनी पाच वेळा मोजा, सेंटिमीटरचे हात-इंच करा आणि पाचही आकडे वहीत लिहा. आकडे सारखे येणार नाहीत. का आले नाहीत, याचा विचार करताना परतीची वाट कधी संपली ते तुम्हाला कळणारही नाही.